जोडीची दुसरी फळी

१

हातातली पिशवी खाली ठेवायच्या आतच मला कळलं, की या घरात चोरी झाली आहे.

"बरी आलीस, किल्ली," भाऊजी दारातच म्हणाले. "तुझ्या बहिणीचं लाकूड गेलं. आणि चोर बाहेरचा नाही."

मी पियानो जुळवते. तारा पिळायची किल्ली कायम माझ्या पर्समध्ये असते, म्हणून ताईच्या लग्नापासून भाऊजींनी माझं नाव किल्ली पाडलं आहे. ते स्वतः व्हायोलिन आणि चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, बनवतात. खाली कारखाना, वर घर. ताई गेल्यापासून त्या घरात तीन माणसं राहतात : भाऊजी, त्यांची लेक माऊ आणि कारखान्यात काम शिकायला येऊन पुढे जावई झालेला त्यांचा शिष्य. मी आले होते ताईचा जुना पियानो जुळवायला. माऊचा फोन गेल्या आठवड्यातच आला होता, "मावशी, आईचा पियानो फार बेसूर झालाय, येऊन जा." आणि आल्या आल्या माझ्या गळ्यात हे.

"कधी गेलं?"

"मला आज सकाळी कळलं. चेलोचं काम आज सुरू करणार होतो." भाऊजी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते, जणू मीच ते पिशवीत घालून नेलं असावं. "कोणी घेतलं तेही मला माहीत आहे. तसं मी त्याला दारात, चारचौघांसमोर, तोंडावर सांगितलंसुद्धा. तो काही बोलत नाही. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो म्हणतो, माऊला घेऊन."

जिन्यात माऊ उभी होती. डोळे सुजलेले. तिनं माझी पिशवी घेतली आणि हळूच म्हणाली, "मावशी, आधी पियानो बघतेस का?"

मला तिचा रागच आला. घर फुटायची वेळ आली आहे आणि हिला पियानोचं पडलं आहे.

"पियानो कुठे पळून जातोय?" मी म्हटलं. "आधी चोर बघते."

२

कारखान्यात सरसाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास होता. खिडकीशी तारेवर रोगण न दिलेली व्हायोलिनं टांगलेली होती, आणि मागच्या भिंतीला, शेगडीपासून लांब, लाकडाची थप्पी. फळीवर फळी, आणि दोन फळ्यांच्या मध्ये बोटाएवढ्या पट्ट्या, म्हणजे हवा खेळती राहते. लाकूड असं वर्षानुवर्षं वाळवावं लागतं. घाई केली की ते तडकतं.

गेलेल्या जोडीची गोष्ट मला पाठ होती, कारण ताईनं ती मला इतक्या वेळा ऐकवली होती की शेवटी शेवटी मी तिला मध्येच थांबवायचे. लग्नानंतर दोघं डोंगरात गेली ती फिरायला नाही, स्प्रूसचा ओंडका निवडायला. चेलोचं पोट, म्हणजे वरची बाजू, स्प्रूसचीच हवी. झाड सावलीच्या उतारावरचं, हळू वाढलेलं, हिवाळ्यात तोडलेलं. पडलेल्या ओंडक्याच्या एका टोकाला ताई कान लावून बसायची आणि दुसऱ्या टोकाला भाऊजी खिळ्यानं ओरखडायचे. बर्फात गुडघे टेकून तिनं एकामागून एक ओंडके नाकारले. मग एका ओंडक्यापाशी ती उठेचना. "हा," ती म्हणाली. "यात तू माझ्या कानाशी ओरखडतोयस असं वाटतं." त्या ओंडक्याची फोड काढून तिच्या दोन फळ्या केल्या. पुस्तक उघडावं तशा त्या शेजारी ठेवल्या की दोन्हीकडच्या रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. हीच ती जोडी. भाऊजींनी ती शेवटच्या चेलोसाठी राखून ठेवली होती. ताई गेल्यावर मात्र ते ओंडके निवडायला पुन्हा कधी गेले नाहीत, लाकूडवाला आणून देईल ते घेत राहिले.

"जोडी कुठे होती?"

"सगळ्यात खाली. जुनं ते खाली."

मी थप्पीपुढे उकिडवी बसले. तळाशी रिकामी जागा नव्हतीच. वरची सगळी थप्पी व्यवस्थित खाली आलेली होती. पट्ट्या एकीवर एक, ओळंबा लावून ठेवल्यासारख्या सरळ. पट्ट्या वेड्यावाकड्या पडल्या तर फळ्या वाकतात, हे भाऊजींनी मलाही एकदा रागावून सांगितलं होतं. म्हणजे ज्यानं जोडी काढली, त्यानं आधी अख्खी थप्पी उतरवली आणि मग एकेक फळी पुन्हा जपून रचली. चोराला इतका धीर कुठला? जोडीशेजारच्या मेपलच्या फळ्या, ज्यांवर वाघाच्या पाठीसारखे पट्टे आहेत आणि ज्यांच्यामागे गिऱ्हाईकं जास्त लागतात, त्या जागच्या जागी होत्या.

"भाऊजी, तुम्ही जोडी शेवटची कधी बघितली?"

"मागच्या पंधरवड्यात. खाली काढून, ठोकून वाजवली. अजून घंटेसारखी आहे."

मी माझा सूरकाटा, सूर लावायचा दोन पात्यांचा पोलादी काटा, पर्समधून काढून टेबलावर ठेवला होता. बोलता बोलता भाऊजींनी तो उचलला, गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा दातात धरला. डोळे मिटले. "गोड आहे ग तुझा," ते म्हणाले. लहान मुलासारखी सवय. मला हसू आलं.

वरून किटलीची शिट्टी वाजत होती, बराच वेळ. मी मान वर केली. भाऊजींनी केली नाही.

मग जिन्यातून माऊ खाली आली, तिनं वडिलांच्या खांद्याला हात लावला आणि ते वळल्यावरच म्हणाली, "बाबा, चहा." आणि माझ्याकडे बघून, "मावशी, चहा झाला की पियानो?"

३

जावई वरच्या खोलीत हत्यारं बांधत होता. पटाशा फडक्यात गुंडाळून ठेवत होता, एकेक, धार आतल्या बाजूला करून.

"जावईबापू, हे खरं का?"

"कुठलं, मावशी? चोर असल्याचं की निघाल्याचं?"

"दोन्ही."

तो हसला. त्याचं हसणं मला पहिल्यापासून आवडतं, त्यात मस्का नसतो. "निघाल्याचं खरं. एका कारखान्यात जागा आहे, तिथे यंत्रानं गिटारी करतात. चोर म्हटल्यावर इथे तोंड कसं दाखवू?"

"मग नाही म्हणा की. मी घेतलं नाही, एवढं तरी म्हणा."

तो पटाशी पुसत राहिला.

"भांडण कशावरून झालं होतं?" मी विचारलं. भाऊजींनी मला तेवढं सांगितलं होतं, आठवड्यापूर्वी दोघांचं वाजलं म्हणून.

"मी बाबांना म्हटलं, ही जोडी वापरू नका. नवी आणू. ते म्हणाले, तुझा डोळा आहे तिच्यावर."

"आणि तुम्ही असं का म्हणालात?"

खाली माऊ भाऊजींशी बोलत होती, त्याचे कान तिकडे लागले होते. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही उद्या सकाळपर्यंत आहात ना?"

"आहे."

"मग झालं."

इतका मठ्ठपणा मला सहन होत नाही. मी पाय आपटत जिना उतरले. खाली आल्यावर मात्र एक गोष्ट डोक्यात राहिली : या माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो कशाची तरी वाट बघत होता.

४

लाकूडवाल्याची वखार गल्लीच्या टोकाला. माणूस गप्पिष्ट, लाकडाचं बोलू लागला की जेवण विसरतो. त्या जोडीसाठी तो वर्षानुवर्षं भाऊजींच्या मागे लागला होता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. म्हणून मी आडवळण घेतलं नाही.

"स्प्रूसची जोडी गेली. तुमच्याकडे आली का?"

"माझ्याकडे?" त्यानं करवत बंद केली. "मी नेली असती तर मेपल ठेवलं असतं का, बाई? मी काय वेडा आहे?"

हे माझ्याही मनात आलं होतं.

"तुम्ही तर दर खेपेला मागायचात ती जोडी."

"मागायचो."

"शेवटी कधी मागितलीत?"

तो हाताला लागलेला भुसा झटकू लागला. हा माणूस गप्प झाला की समजावं, काहीतरी आहे.

"मागच्या खेपेला गेलो होतो," तो म्हणाला. "तुमचे भाऊजी बाहेर होते. माऊताईंनी थप्पी उतरवून जोडी माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, काका, वाजवून बघा. मी वाजवली."

"आणि?"

"आणि ठेवली खाली. चहा घेतला, निघालो."

"मागितली नाहीत?"

"नाही मागितली."

"का?"

"ते मला विचारू नका. त्या माणसाकडून मी लाकूड ओळखायला शिकलो. त्याच्याविषयी माझ्या तोंडून नको." आणि त्यानं करवत चालू केली, म्हणजे मी जावं.

मी परत येताना गल्लीत दोनदा थांबले. जन्मभर ज्याच्यामागे लागला, ते समोर ठेवलं आणि त्यानं मागितलं नाही. चोरी झाली कशी, हे शोधायला मी निघाले होते. आता मला वाटू लागलं, प्रश्नच चुकीचा आहे.

५

दुपारी भाऊजी पडले होते. मी ताईच्या खोलीत गेले आणि निव्वळ डोकं शांत करायला पियानोपुढे बसले. एक सूर वाजवला. मग सगळे वाजवले, खालपासून वरपर्यंत.

पियानो सुरात होता. अगदी माझ्या हातचा, जसा मागच्या वेळी ठेवून गेले होते तसा. एखाददुसरी तार जरा उतरलेली, त्यासाठी कोणी फोन करत नाही. आणि माऊचा कान ताईचा आहे, तिला हे कळत नाही असं होणार नाही.

मग तिनं मला बोलावलं कशाला? आणि गेल्या आठवड्यात, चोरीचा कोणाला पत्ता नसताना?

मी हात मांडीवर ठेवले आणि सकाळपासूनचं सगळं एका ओळीत लावलं. जोडी काढणारा लाकडाला जपणारा होता, पट्ट्या ते सांगत होत्या. मेपल न घेणारा पैशासाठी आला नव्हता. इतकं जुनं लाकूड जपणारा माणूस ते गाडीत घालून उन्हातान्हात नेणार नाही, त्याच हवेत, त्याच घरात ठेवील. जावयानं घेतलं असतं, तर तो गाठोडं बांधताना माझ्या मुक्कामाची चौकशी करत बसला नसता. आणि या घरात अशी एकच जागा आहे, जी भाऊजी उघडत नाहीत, जावई उघडत नाही, पाहुणे उघडत नाहीत. जी फक्त मीच उघडते.

आधी पियानो बघतेस का. चहा झाला की पियानो.

मी जमिनीवर बसले आणि पियानोच्या खालच्या बाजूची फळी, पायांशी असते ती, खिट्टी दाबून काढली. आत ताईच्या वेळची काचेची बरणी होती, पाण्यानं भरलेली. हवा कोरडी झाली की पियानो तडकू नये म्हणून तळाशी पाणी ठेवायची आमची जुनी पद्धत. पाणी ताजं होतं. आणि बरणीच्या मागे, धुतलेल्या चादरीत गुंडाळलेल्या, दोन फळ्या उभ्या होत्या.

६

कोणाला तरी हाक मारावी, असं मला आधी वाटलं. मग मी पहिली फळी दोन बोटांत, वरच्या कडेशी, धरून लोंबती ठेवली आणि बोटाच्या पेरानं टकटक केली. आयुष्यभर मी तारा ऐकते, लाकूड क्वचितच. पण हे ऐकायला शिकावं लागत नाही. लांब, स्वच्छ सूर. बोट काढल्यावरही तो खोलीत राहिला. ताई बर्फात का उठेना, ते मला इतक्या वर्षांनी कळलं, आणि मी तिला मध्येच थांबवायचे याचं वाईट वाटलं.

मग दुसरी. ठप्प. आणि त्या ठप्पमागून अगदी बारीक फरफर, कागदाच्या पुडीत माशी अडकावी तशी.

पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. रेषा आरशासारख्या जुळणाऱ्या, वजन सारखं, रंग सारखा. आवाज मात्र सावत्र. पहिल्या फळीच्या कडेला, खिडकीकडे धरल्यावर, बारीक खळग्यांची ओळ दिसली. मी तिच्यावर नख फिरवलं आणि सकाळचा सूरकाटा आठवला. दातांचे ठसे. दुसऱ्या फळीची कड कोरी होती.

मागे पाऊल वाजलं. माऊ दारात होती, तिच्यामागे तिचा नवरा.

"वाजवलीस?" तिनं विचारलं.

"वाजवली. बाबांना ऐकू येत नाही, असंच ना?"

ती खाली बसली आणि रडू लागली, म्हणून पुढचं त्यानं सांगितलं. भाऊजींचे कान दोन वर्षांपासून जात होते. ते कोणाला सांगत नव्हते, तोंड बघून बोलत होते, आणि लाकूड दातात धरून वाजवत होते, म्हणजे हाडातून ऐकू येतं. माऊला ते कळलं होतं. लहानपणी ती या दोन फळ्यांवर टकटक करून खेळायची, दोन्ही एकच बोलायच्या. मध्यंतरी साफसफाईत तिनं वाजवल्या तर एक बोलेना. आत राळेचा एखादा कप्पा असावा, वाळता वाळता राळ आक्रसली आणि पोकळी उरली. लाकूडवाल्यालाही तिनं मुद्दाम ऐकवलं. तो काही न बोलता उठला, तेव्हाच तिची खात्री झाली.

"मग बाबांना सांगायचं ना, माऊ."

"काय सांगू?" ती डोळे पुसत म्हणाली. "आईनं निवडलेलं लाकूड मेलंय, आणि तुम्हाला ते ऐकू आलं नाही? यानं नुसतं वापरू नका म्हटलं, तर काय झालं बघितलंस ना. बाबा आवाजाच्या बाबतीत फक्त आईचं ऐकायचे, आणि आता तुझं. म्हणून तुला बोलावलं. वाटलं, तू येशील, पियानो उघडशील, वाजवशील. पण बाबांनी आजच थप्पीचा तळ बघितला, तू यायच्या आधी."

"आणि सकाळपासून मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू तेच ऐकलं असतंस. मला वाटत होतं, कदाचित माझाच कान चुकत असेल."

जावयाकडे बघून मी म्हटलं, "आणि तुम्ही चोर म्हणवून घेतलंत."

"मावशी येईपर्यंत गप्प बसायचं ठरलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही आल्यावरही पियानोकडे ढुंकूनही बघितलं नाहीत, त्याला मी काय करू?"

ते मात्र मला लागलं. माझाच चोरीचा सोस.

७

भाऊजींना मी कारखान्यात बसवलं. समोर खुर्ची ओढून, तोंड उजेडात येईल अशी बसले आणि दोन्ही फळ्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या.

त्यांनी आधी फळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दारातल्या दोघांकडे. "कोणी?"

"माऊनं. जपून ठेवल्या होत्या, पियानोत. भाऊजी, तुमच्या गुरूंनी शिकवलं होतं ना, जोडी एका फोडीची असते, एक वाजवली की दुसरी वाजल्यासारखीच?"

"मग? तसंच असतं."

"मागच्या पंधरवड्यात कुठली वाजवलीत?"

त्यांचा अंगठा कडेवरून फिरला आणि त्या खळग्यांवर येऊन थांबला. मग कोऱ्या कडेवर. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. आपल्या दातांचं गुपित सगळ्यांना माहीत आहे, हे त्यांना त्या क्षणी समजलं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"इकडे ये," ते जावयाला म्हणाले.

त्यांनी पहिल्या फळीची कड दातात धरली आणि खूण केली. जावयानं पेरानं ठोकलं. भाऊजींनी डोळे मिटले आणि हळूहळू मान हलवली, ओळखीचं माणूस भेटावं तशी. मग दुसरी फळी. जावयानं ठोकलं. भाऊजींचे डोळे उघडले. त्यांनी बोटानं पुन्हा खूण केली. पुन्हा ठोकलं. मग त्यांनी फळी दातांतून काढली, बाहीनं पुसली आणि मांडीवर पालथी घातली.

"फरफरते," ते म्हणाले.

माझ्या मनात एकच होतं, की हे त्यांनी स्वतः ऐकलं, मला सांगावं लागलं नाही. त्यांचा कान फसला नव्हता. फसली होती ती एक जुनी सवय. ते ओझं त्यांना उचलता येण्यासारखं होतं.

"चेलो गेला," ते म्हणाले. त्यांनी चांगल्या फळीवर वीत टाकली, एकदा लांबीला, एकदा रुंदीला. "व्हायोलिनचं पोट निघेल यातून. एकसंध, बिनजोडाचं." मग जावयाकडे न बघता, "पटाशा बांधल्यास का?"

"बांधल्या."

"सोड त्या. धार जाते फडक्यात." मग ते म्हणाले, "चोर म्हणालो मी तुला."

"म्हणालात."

"सगळ्या गल्लीसमोर म्हणालो. आता नाही म्हणेन, तेही गल्लीसमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी मी एकटीनंच पकडायची होती. निघताना वखारीवरून वाट होती, म्हणून सगळे सोबत आले. लाकूडवाल्याकडे डोंगरातून नवे ओंडके उतरले होते. भाऊजींना बघून तो गडबडला. भाऊजी त्याला म्हणाले, "माझा जावई चोर नाही, हे तुझ्या गिऱ्हाइकांना सांग. आणि तू फळी वाजवून गप्प बसलास, त्याचं नंतर बघतो."

मग त्यांनी खिशात हात घातला. बाहेर आला तो एक गंजलेला लांब खिळा. तो मी ओळखला नाही, माऊनं ओळखला आणि तिनं माझा हात घट्ट धरला.

भाऊजी एका ओंडक्याच्या टोकाशी गुडघे टेकून बसले. जावई त्यांच्याशेजारी येऊन बसू लागला, तसं त्यांनी त्याला मानेनंच पलीकडचं टोक दाखवलं.

"मी ओरखडतो," ते म्हणाले. "कान तू लाव."